फोन वाकतो, की आपणच त्यावर बसतो?

पान्हा नंबर १२ | रविवार, सकाळी ९:४०

काल टिटवाळा स्लो यांनी "हल्लीचे फोन म्हणजे पोह्याचे पापड" असा जळजळीत लेख टाकला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नोकियाने नारळ फुटायचा, आता ₹४५,००० चा फोन खिशात वाकतो, कंपन्या मुद्दाम हलका पत्रा वापरतात आणि आपण गाढव. खाली सगळ्यांचं "अगदी अगदी". प्रतिसाद लिहायला बसलो तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

बावीस वर्षं चाकणला प्रेस शॉपमध्ये काढली आहेत. पत्रा वाकवणं यावरच घर चाललं. त्यामुळे कुणी "पत्रा हलका" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

या सगळ्या बोंबेचं मूळ एकच, २०१४ चा आयफोन ६ प्लस. १५८ मिमी लांब, ७.१ मिमी जाड, मऊ ॲल्युमिनियम, आणि आवाजाच्या बटणांसाठी पाडलेली भोकं नेमकी ताण येतो त्या जागी. तो वाकायचा, मान्य. पण पुढच्याच वर्षी ६एस आला तो ७००० मालिकेच्या, म्हणजे जास्त कणखर ॲल्युमिनियममध्ये आणि विषय मिटला. तरी आपण अजून त्या एका फोनचं वर्षश्राद्ध घालतोय!

२०२५ चा आयफोन एअर बघा. जाडी ५.६ मिमी. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात जातो, म्हणजे नुसत्या जाडीवर गेलात तर तो ६ प्लसच्या निम्माच ताठ निघायला हवा. पण चौकट ग्रेड ५ टायटॅनियमची, म्हणजे चिवट मिश्रधातूची. दाबला की लवतो, सोडला की परत सरळ. आमच्याकडे याला स्प्रिंगबॅक म्हणतात. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बनवणाऱ्याच्या तोंडी ही शिवी आहे, फोन बनवणाऱ्याला मात्र वरदान.

तेव्हा फोन वाकत नाहीत. मागच्या खिशात फोन ठेवून ७८ किलोचा माणूस स्कूटरवर बसतो आणि गतिरोधकावरून उडतो, तेव्हा जे होतं त्याला वाकणं नाही, वाकवणं म्हणतात.

टिटवाळा स्लो | सकाळी १०:१५

पहिली गोष्ट, मी ७१ किलोचा आहे. दुसरी, माझ्याकडे स्कूटर नाही. लेख न वाचता उत्तर द्यायची पद्धत चाकणला असेल.

मी रोज ८:०७ ची लोकल पकडतो. ठाण्यानंतर डब्यात फोन कुठल्या खिशात आहे हे आपण ठरवत नाही, मागचा माणूस ठरवतो. चौदा महिन्यांचा फोन. गेल्या आठवड्यात ओट्यावर ठेवला तर कढईसारखा डोलायला लागला. सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्या मुलाने हातातही न घेता कागदावर "फिजिकल डॅमेज" लिहिलं आणि ₹११,००० सांगितले. मी कुठे पाडला नाही, त्यावर बसलो नाही. मग हे "डॅमेज" आभाळातून पडलं का?

वडिलांचं नोकिया ११०० अजून कपाटात आहे. चार्ज केलं की टॉर्च लागते. बोला.

पान्हा नंबर १२ | सकाळी १०:३२

बोलतो की. नोकिया ११०० ची लांबी १०६ मिमी, जाडी २०. त्या मापाची साबणाची वडीसुद्धा वाकत नाही.

दप्तरदिरंगाई | सकाळी ११:०५

पान्हासाहेब, "विषय मिटला" हे जरा घाईचं झालं.

एक, २०१४ मध्ये ॲपलने जगाला सांगितलं की पहिल्या सहा दिवसांत फक्त ९ ग्राहकांनी तक्रार केली. पुढे अमेरिकेतल्या खटल्यात कंपनीचीच आतली कागदपत्रं २०१८ मध्ये उघडी पडली. त्यांत आधीच्या ५एसच्या तुलनेत ६ वाकायची शक्यता ३.३ पट आणि ६ प्लसची ७.२ पट असं लिहिलेलं होतं, तेही फोन बाजारात येण्याआधी.

दोन, वाकणं म्हणजे नुसता बाक दिसणं नव्हे. ६ प्लस आतल्या आत लवून टचच्या चिपखालचे सोल्डरचे जोड सुटायचे. वर करडी पट्टी लवलवायची आणि स्क्रीन बोटाला दाद द्यायची नाही. बाहेरून फोन सरळच. त्याच्या दुरुस्तीचे २०१६ मध्ये १४९ डॉलर ग्राहकाकडूनच घेतले.

तीन, २०१८ चा आयपॅड प्रो, ५.९ मिमी, वाकला. २०२२ चा वनप्लस १० प्रो जेरीरिगएव्हरीथिंग या फोन वाकवून बघणाऱ्या यूट्यूब चॅनेलच्या व्हिडिओत कॅमेऱ्याच्या खाली काडकन मोडला. मिटलेला विषय दर दोन-तीन वर्षांनी उठून बसतो तर!

पान्हा नंबर १२ | सकाळी ११:४०

कागदपत्रांचं ठाऊक होतं, मुद्दाम लिहिलं नव्हतं. घ्या, आता मान्य केलं.

पण मग पुरी गोष्ट सांगा. कन्झ्युमर रिपोर्ट्स या वस्तू तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेने तेव्हा दोन टेकूंवर फोन ठेवून मधोमध दाब दिला होता. आयफोन ६ सुमारे ३२ किलोला वाकला, ६ प्लस ४१ ला. म्हणजे बदनाम झाला मोठा, कच्चा होता धाकटा. एचटीसी वन एम८ पण ३२ लाच गेला, त्याचं नाव कुणी घेतं का? आणि सगळ्यांत चिवट निघाला सॅमसंगचा नोट ३, ६८ किलो. प्लास्टिकचा! धातू म्हणजे मजबूत हे खूळ गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं आहे.

आणि स्लो, मुद्दा तोच राहतो. मागचा खिसा टाळा, पुढच्या खिशात ठेवा.

सुईदोरा | दुपारी १२:२०

"पुढच्या खिशात ठेवा." वा!

सकाळपासून वाचतेय. किलो झाले, मिमी झाले, ग्रेड ५ झालं. आता माझी दोन मापं घ्या. माझ्या जीन्सचा पुढचा खिसा १३ सेंमी खोल. नवऱ्याच्या जीन्सचा २५. फोन १६. आत्ता टेप घेऊन मोजलंय.

दुसऱ्या जीन्सला तर खिसाच नाही, नुसती खिशाची शिलाई घातलेली आहे. कुर्त्यांचं सांगायलाच नको. आमचे टेलरकाका खिसा लावायचे ₹६० वेगळे घेतात आणि वर ऐकवतात, "मॅडम, फिटिंग बिघडेल." नवऱ्याच्या पायजम्याला तीन खिसे आहेत. रात्री झोपताना त्यांत काय ठेवतो, देव जाणे.

कोरडा चिवडा | दुपारी १२:३१

पर्स नावाची वस्तू ऐकली आहे का ताई? विषय फोनच्या मजबुतीचा चालू आहे.

सुईदोरा | दुपारी १२:३४

तुम्ही घ्या पर्स. ८:०७ च्या लोकलमध्ये खांद्याला अडकवा आणि रिंग वाजली की आतून डबा, छत्री, किल्ल्या उपसून फोन काढून दाखवा. मग बोलू.

खलबत्ता | दुपारी १२:५०

सुईदोराताई, शंभर टक्के. माझी आजी नऊवारीच्या कनवटीला तंबाखूची चंची, किल्ल्या आणि चार नाणी बांधून दिवसभर भात लावायची. काही पडायचं नाही, कुठे आवाज नाही. पाचवारी आली आणि कनवट गेली. पंजाबी ड्रेस आला आणि कमरेला काही खोचायची सोयच गेली. शंभर वर्षांत आमची सामान वाहायची सोय कमी झाली आणि वाहायचं सामान तिप्पट.

मी फोन कुठे ठेवते सांगू? स्वयंपाक करताना ब्लाउजमध्ये. भाजतो मेला.

कोरडा चिवडा | दुपारी १२:५८

आता नऊवारीपर्यंत आलो. पुढचा प्रतिसाद शिवकालीन असणार. संपादक झोपलेत का?

खलबत्ता | दुपारी १:०२

शिवकालात पुरुषही शेल्यात खोचायचे हो, शेला. खिशांचा माज नंतरचा.

दप्तरदिरंगाई | दुपारी १:१०

मी पुरुष असून सांगतो, ऑफिसच्या फॉर्मल पँटचे खिसे हल्ली इतके उथळ आहेत की खुर्चीत बसलं की फोन जमिनीवर. पण ऐकतंय कोण?

सुईदोरा | दुपारी १:१३

तुम्हाला खिसा असून उथळ आहे याचं दुःख. इथे शिलाईवर समाधान मानतोय आम्ही.

पान्हा नंबर १२ | दुपारी १:२५

मंडळी, खिशांसाठी वेगळा धागा काढा. इथे मी धातूबद्दल

(अर्धवटच गेला, माफ करा.) इथे मी धातूबद्दल लिहिलं होतं. आठ प्रतिसाद झाले, धातू कुठेच नाही.

सुईदोरा | दुपारी १:४१

धातूच तर आहे. पुढचा खिसा १३ चा, म्हणून मुलींचा फोन मागच्या खिशात जातो, तिथेही मावत नाही, निम्मा बाहेर. बसलं की खालचा भाग अंगाखाली दाबलेला आणि वरचा पाठीने ढकलला जातो. आमच्या दोन्ही मुलींचे फोन असेच गेले. तुमच्या त्या दोन टेकूंच्या चाचणीत हे येतं का?

पान्हा नंबर १२ | दुपारी २:०५

नाही येत. तिथे दाब मधोमध असतो. तुम्ही सांगताय तो एका बाजूने पक्का धरलेला आणि दुसऱ्या टोकाला भार असलेला दांडा झाला. ताण धरलेल्या कडेवर येतो, आणि तिथे बटणाचं भोक आलं तर खेळ खलास. हे मला सुचायला हवं होतं. खिशाच्या लांबीचा विषय धाग्यातच राहू दे. कोरडा चिवडा, तुम्ही पर्स घ्या.

कोरडा चिवडा | दुपारी २:०७

🙏

ट्वीझरवाला | दुपारी ३:३०

सगळ्यांचं झालं असेल तर एक विचारू? मी मंडईजवळ मोबाईल दुरुस्तीला बसतो. फार लिहीत नाही.

स्लो, तुमचा फोन ओट्यावर डोलतो म्हणालात. काच वर ठेवून डोलतो की पालथा ठेवून? खरोखर वाकलेला फोन एका बाजूने डोलतो. उलटा केला की दोन्ही टोकं टेकतात आणि मधल्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. दोन्ही बाजूंनी डोलत असेल तर तो वाकलेला नाही. बघून सांगा.

टिटवाळा स्लो | दुपारी ३:४८

दोन्ही बाजूंनी डोलतोय.

ट्वीझरवाला | दुपारी ३:५०

स्क्रीनची कड कुठे सुटल्यासारखी दिसते का?

टिटवाळा स्लो | दुपारी ३:५५

उजवीकडे. लोकलच्या पासची कड आत जातेय.

ट्वीझरवाला | दुपारी ३:५६

पास घालायला कुणी सांगितलं!! काढा तो. बॅटरी फुगलीय. आत टोक लागलं तर पेट घेईल. दाबून बसवायला जाऊ नका. मागे एकाने वर शब्दकोश ठेवला होता.

महिन्याला असे चार-पाच येतात आणि सगळे म्हणतात खिशात वाकला. पूर्वी पाठ उघडली की बॅटरी हातात यायची, फुगली तर दिसायची, नवीन घालून माणूस घरी. आता सगळं गोंदाने चिकटवलेलं. वाकू नये म्हणून आतून घट्ट भरलंय, ते आम्हाला हीट गन मारून सोडवावं लागतं. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यावी असा नियम लागतोय. त्यालाही पळवाटा आहेतच, पण निदान नियम तरी आहे.

पान्हा नंबर १२ | दुपारी ४:१०

म्हणजे फोन वाकला नव्हता. नोंद घ्यावी.

टिटवाळा स्लो | दुपारी ४:२२

घेतली. आणि मी त्यावर बसलोही नव्हतो, ७१ किलोने. तीही नोंद तुम्ही घ्या. "वाकवणं म्हणतात" म्हणे.

शिवाय चौदा महिन्यांत बॅटरी फुगणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही. त्या सर्व्हिस सेंटरवाल्याने फोन एकदा उलटा करून बघितला असता तर हा लेखच झाला नसता. पण ठीक आहे, लेखाचं नाव बदलतो. पापड काढून "फुगलेली पुरी" करतो.

पान्हा नंबर १२ | दुपारी ४:२५

स्कूटरचं वाक्य मागे घेतो. बाकीचं नाही.

ट्वीझरवाला | दुपारी ४:२६

नावाचं नंतर बघा. फोन चार्जिंगवरून काढलात का?

टिटवाळा स्लो | दुपारी ४:३१

काढला आत्ता.