एलिफंटाइनचा हिशेब

यहुदी पहिल्यापासून कट्टर एकेश्वरवादी आणि त्यांचं मंदिर फक्त जेरुसलेमला, हे नेहमीचं विधान जरा सरसकट होतंय. इजिप्तमध्ये आस्वानजवळ नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर इराणी साम्राज्याच्या चाकरीतले यहुदी शिपाई राहत. तिथे याहूचं, म्हणजे यहुद्यांच्या देवाचं (यहोवाचं), स्वतंत्र मंदिर होतं, दगडी दरवाजे आणि देवदाराचं छप्पर असलेलं. इ.स.पू. ४१० मध्ये शेजारच्या ख्नूम देवाच्या पुजाऱ्यांनी इराणी अधिकाऱ्याला हाताशी धरून ते पाडलं. मग तिथल्या यहुदी मंडळींनी यहुदा प्रांताच्या (जेरुसलेमच्या मुलखाच्या) सुभेदाराला अरामी भाषेत अर्ज धाडला: तेव्हापासून गोणपाट नेसतोय, उपास करतोय, अंगाला तेल नाही, मद्य नाही.

त्याहून बोलकी आहे ती तिथली वर्गणीची यादी. माणशी २ शेकेल (चांदीचं वजन), मथळा याहूच्या नावाचा; पण एकूण हिशेबात एशेमबेथेल आणि अनातबेथेल या दुसऱ्या देवतांचाही वाटा, आणि अनातबेथेलचा तर जवळजवळ याहूइतकाच!