ओव्हन म्हणजे नेमका कुठला? सासूबाईंसाठी चिठ्ठ्या लिहायच्या आहेत, शब्द सुचवा

नमस्कार मंडळी. आधी काय घडलं ते सांगते, मग प्रश्न.

माझं माहेर सांगली, सासर फोंडा. सकाळी आठच्या बसने पणजीला कामाला जाते. दुपारचा स्वयंपाक डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवते आणि फ्रीजच्या दारावर चिठ्ठी लावते. घरात बोलणं कोंकणी, पण सासूबाई मराठी पेपर पहिल्या ओळीपासून श्रद्धांजलीच्या चौकटींपर्यंत वाचून काढतात, म्हणून चिठ्ठी मराठीत.

गेल्या मंगळवारी लिहिलं, 'अळसांद्याचं तोंडाक ओव्हनमध्ये गरम करा.' (तोंडाक म्हणजे इथली कडधान्याची रस्सेदार भाजी.) आमच्या ओट्यावर मायक्रोवेव्ह आणि ओटीजी (विजेच्या दांड्या तापवून भाजणारा छोटा ओव्हन) शेजारीशेजारी आहेत आणि बोलताना आम्ही दोघांनाही ओव्हनच म्हणतो. त्यांनी प्लास्टिकचा डबा ओटीजीत ठेवला. आदल्या रात्री मी नानकटाई केली होती, बटण १८० वरच राहिलेलं. संध्याकाळी येऊन बघते तर डब्याचा तळ जाळीतून लोंबतोय आणि खालच्या दांडीवर तोंडाक जळून कोळसा. वर मलाच ऐकून घ्यावं लागलं, "तुवेंच ओव्हन म्हूण बरयल्लें मगे!" म्हणजे तूच ओव्हन म्हणून लिहिलं होतंस ना. खरंच होतं. शिवाय डब्याखाली 'मायक्रोवेव्हला चालतो' अशी खूण होती, पण ती बिचारी ओटीजीत काय करणार?

तर प्रत्येक यंत्रावर एकेक कागद चिकटवायचा आहे. शब्द छोटा हवा आणि बहात्तर वर्षांच्या बाईला वाचताक्षणी कळला पाहिजे.

दुसरी अडचण क्रियापदांची. चुलीपुढे आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. वांगं भाजतो, भाकरी शेकतो, कांदा परततो, दूध तापवतो, बटाटे उकडतो. (मोदक वाफेवर शिजतात तरी आपण ते उकडतोच. आणि मे महिन्यात आपण स्वतःही उकडतो.) पण वीज आली की सगळ्याला एकच, 'गरम करणे'. पाव मायक्रोवेव्हमध्ये आणि पाव ओटीजीत, दोन्ही 'गरम करणे' कसं? एकात तो वातड होतो, दुसऱ्यात खरपूस.

इंडक्शनचंही काही सुचलं तर सांगा. त्यावर त्या ॲल्युमिनियमचा टोप ठेवतात, तो नुसता पीं पीं करतो आणि बंद पडतो.

शुद्धमराठी
सरळ 'सूक्ष्मलहरी भट्टी' लिहा. शब्द वापरले नाहीत तर रुळणार कसे?

धागाकर्ती
दादा, तुमचं पटतं, पण गोव्यात भट्टी म्हटलं की आधी हुर्राक (काजूची दारू) आठवतो. सासूबाई शेजाऱ्यांना काय सांगतील याची मला भीती वाटते.

निवृत्त_मास्तर
ताई, नावाच्या आधी काम बघा, शब्द आपोआप सापडेल. शाळेत आपण वहन, अभिसरण आणि प्रारण शिकलो. तव्यातून पोळीला उष्णता जाते ते वहन. ओटीजीत तापलेल्या दांड्यांचं प्रारण आणि आतल्या गरम हवेचं अभिसरण. पदार्थ बाहेरून आत शिजतो, वरचं पाणी उडून पापुद्रा लाल होतो. एअर फ्रायरही त्यातलाच, फक्त पंखा जोरात. तेलाचा थेंब नसला तरी नावात 'फ्राय'!
मायक्रोवेव्हचं तंत्र वेगळं. त्या लहरी अन्नात दोन-तीन सेंटीमीटर शिरून पाण्याचे रेणू हलवतात आणि अन्न स्वतःच तापतं. आतली हवा गारच, त्यामुळे लाली येत नाही. म्हणून पाव खरपूस होत नाही.
इंडक्शनमध्ये काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यामुळे भांड्याच्या बुडातच वीज फिरते आणि बूड तापतं. लोखंड लागतं. चुंबक चिकटला तर भांडं चालेल. ॲल्युमिनियम, तांबं, मातीचं कुंडलं, काही उपयोग नाही.

पेडण्याची_सून
माझ्या आजेसासूबाई ओटीजीला फोर्न म्हणायच्या, पोदेराच्या फोर्नासारखा, म्हणजे पाववाल्याच्या भट्टीसारखा. पोर्तुगीज शब्द, पण इथल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला माहीत. आणि बिबिंक, म्हणजे थराथरांचा गोड केक, करणाऱ्यांना विचारा, झाकणावर निखारे ठेवून एकेक थर वरूनच भाजायचा, ते ओटीजीची फक्त वरची दांडी चालू ठेवण्यासारखंच.
मायक्रोवेव्हला 'ऊन करणे' का नाही म्हणत? ऊन ऊन भात, ऊन पाणी. कोंकणीत हून आहेच. शिळं अन्न ऊन करायचं, एवढंच तर त्याचं काम.

धागाकर्ती
पेडण्याच्या ताई, हेच हवं होतं! 'ऊन करणे' मी माहेरी रोज ऐकलेलं आणि इथे साफ विसरले होते.

रविवारी कागद चिकटवले. मायक्रोवेव्हवर 'ऊन करायचं: भात, तोंडाक, दूध. स्टील नको.' ओटीजीवर 'फोर्न. शेकायचं: पाव, पोई. प्लास्टिक नको.' (पोई म्हणजे इथला कोंड्याचा पाव.) चिठ्ठीतही आता यंत्राचं नाव लिहीत नाही, नुसतं 'तोंडाक ऊन करा, पोई शेका'. काल सासूबाईंनी फोन करून एकदा खात्री केली, "घुंवता तातूंत मगे?" म्हणजे फिरतं त्यातच ना. हो म्हटलं. आतली काचेची थाळी फिरते तीच त्यांची खूण, माझ्या कागदापेक्षा पक्की.

इंडक्शनला नाव मिळालं नाही, पण मास्तरांचं चुंबकाचं त्यांना फार आवडलं. फ्रीजवर चिठ्ठी धरणारा आंब्याच्या आकाराचा चुंबक काढून त्यांनी घरातली सगळी भांडी तपासली. पाच पास झाली. तो आंबा आता इंडक्शनशेजारीच असतो, आणि माझी चिठ्ठी चिकटपट्टीवर.