लॉ रिव्ह्यूचे संपादकपद: लेखनाची परीक्षा की पूर्णविरामांची?

कलम ३२ :
काल ‘तळटीप’ यांनी लिहिले की, लॉ रिव्ह्यूच्या, म्हणजे विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी चालवलेल्या कायदेविषयक नियतकालिकाच्या, संपादक मंडळावर ज्यांची निवड होत नाही त्यांनी पद्धतीच्या नावाने खडे फोडण्याऐवजी स्वतःचे लेखन तपासावे. आणि आदर्श म्हणून त्यांनी हार्वर्डकडे बोट दाखवले. दाखला द्यायचाच तर तो अर्धवट देऊ नये. तेथे अनेक वर्षे चाललेल्या पद्धतीत दरवर्षी निवडलेल्या ५४ संपादकांपैकी २० जण निव्वळ लेखनस्पर्धेच्या गुणांवर येत. १० जणांसाठी स्पर्धेचे आणि पहिल्या वर्षाच्या परीक्षांचे गुण निम्मे-निम्मे धरले जात. उरलेल्या २४ जागा अर्जदाराचा एकंदर विचार करून भरल्या जात. निम्म्याहून अधिक जागांसाठी जेथे एकटे लेखन पुरेसे ठरत नव्हते, तेथला दाखला देऊन आपण इतरांना लेखन सुधारायला सांगत आहात.

तळटीप :
आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र सोयीचा आहे. त्या २४ जागांसाठीही उमेदवाराचे नाव झाकलेलेच असे. स्पर्धेत सर्वांच्या हाती वाचनसामग्रीचा एकच संच पडतो, त्याबाहेरचे काहीही वाचण्यास मनाई असते, आणि तेवढ्याच सामग्रीवर एका निकालावरील टिप्पणी लिहून दिलेल्या मजकुराचे संपादन करायचे असते. एकेकाळी तेथे केवळ परीक्षेतील गुण पाहत, त्यापेक्षा हे न्याय्य नाही काय? बराक ओबामा १९९० मध्ये त्या रिव्ह्यूचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले, हेही विसरू नये.

कलम ३२ :
अध्यक्षाची निवड मंडळात शिरल्यानंतर होते. प्रश्न शिरण्याचा आहे.

माजी संपादक :
नावे झाकण्याचे कौतुक ऐकून गंमत वाटली. आमच्या महाविद्यालयातही नावे झाकत. परंतु मूट कोर्टच्या (अभिरूप न्यायालयाच्या) संघातील ज्युनिअरची वाक्यरचना चाचणी तपासणाऱ्या सीनिअरला ओळखू येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी वसतिगृहात एक रात्र काढावी. माझी पहिली निवडचाचणी परत मिळाली तेव्हा युक्तिवादावर एकही शेरा नव्हता. सगळी लाल शाई ‘इड.’ (‘हवाला वरीलप्रमाणेच’) या संक्षेपापुढचा पूर्णविराम तिरपा हवा की सरळ, यावर खर्ची पडली होती. ही ब्लूबुकची, म्हणजे हवाले कसे लिहावेत याच्या अमेरिकी नियमावलीची, कृपा. हार्वर्ड, येल, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनिया येथील विद्यार्थी नियतकालिके ते पुस्तक काढतात. १९२६ मध्ये ते २६ पानांचे होते, पुढे एका आवृत्तीत पाचशेच्या वर गेले. आणि ‘एआयआर’ व ‘एससीसी’ हे भारतीय निकालसंग्रह वाचून शिकणाऱ्या आपल्या मुलांनी ते पाठ करून पात्रता सिद्ध करायची!

तळटीप :
तिरप्या पूर्णविरामाची टर उडवणे सोपे आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका लेखात ज्या परिच्छेदाचा हवाला दिला होता तो त्या निकालपत्रात नव्हताच, आणि ही गोष्ट उघडकीस आली ती आपण ज्याला कारकुनी समजता त्याच कामामुळे. स्वतःला जागा मिळाली नाही म्हणून साऱ्या व्यवस्थेवर राग काढणे वकिलीच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

माजी संपादक :
मला जागा मिळाली होती, दुसऱ्या प्रयत्नात; माझे येथील नाव वाचण्याचे कष्ट घेतले असते तर आपल्याला ते कळले असते. त्यासाठी मी सीनिअरकडून ब्लूबुकची झेरॉक्स मिळवली, आणि मंडळावर गेल्यानंतर पुढच्या वर्षीच्या मुलांच्या पूर्णविरामांवर मीही तीच लाल शाई सांडली. याची लाज वाटते म्हणूनच लिहीत आहे. हवाला खरा आहे की नाही हे तपासणे एक, आणि तो कोणत्या टंकात छापला आहे हे तपासणे दुसरे. आपण पहिल्याची ढाल करून दुसऱ्याचा बचाव करत आहात.

कलम ३२ :
अमेरिकेतील तेव्हाचे न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनीही ब्लूबुकच्या वाढत्या जाडीवर जाहीर टीका केली होती. ऑक्सफर्डची ऑस्कोला ही हवाल्यांची नियमावली तर विनामूल्य मिळते. हवाल्यांचे नियम संपादक झाल्यावर महिनाभरात शिकवता येतात. कमकुवत युक्तिवाद नेमका कोठे मोडतो हे ओळखण्याची नजर महिनाभरात येत नाही. चाचणी या नजरेची असावी.

तळटीप :
चाचणीसोबत नियमांचे चार पानी टिपण द्यावे, एवढे मान्य करतो. ‘माजी संपादक’ यांच्याबद्दलचे माझे विधान चुकीचे होते, तेही मागे घेतो. मात्र पोस्नर यांनी ही टीका नेमकी कोठे केली, याचा हवाला ‘कलम ३२’ यांनी दिलेला नाही. आमच्या मंडळात एवढ्यावर त्यांचा अर्ज बाजूला पडला असता.