स्टार टोपोलॉजीचे वेगळे पैसे का?

सेक्रेटरी: सीसीटीव्हीची दोन कोटेशन वर टाकली आहेत. रविवारच्या मीटिंगआधी सर्वांनी वाचावीत.

बी-२०४: दुसऱ्यात "स्टार टोपोलॉजी" लिहिलंय. ते काय? महाग तेच आहे म्हणून विचारतेय.

ए-६०१: जमिनीचे चढउतार मोजतात ते. आमच्या साइटवर सर्व्हेवाले करतात.

ए-३०३ काका: ती टोपोग्राफी हो. दोन्हींत 'टोपोस' म्हणजे जागा हा ग्रीक शब्द, म्हणून घोळ होतो. टोपोलॉजी गणितातली. लिस्टिंग नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८४७ साली हा शब्द छापला.

बी-२०४: काका, सोप्पं सांगा. कुकर लावलाय.

ए-३०३ काका: मग कणकेचा गोळा घ्या. लाटा, दाबा, ओढा. फाडायचं नाही, भोक पाडायचं नाही, टोकं चिकटवायची नाहीत. इतकं करूनही जे बदलत नाही, त्याचं हे गणित. गोळा आणि पोळी त्या हिशेबाने एकच. मेदूवडा वेगळा, त्याला आरपार भोक. चहाच्या कपालाही एकच, कानाचं. म्हणून कप आणि मेदूवडा एका जातीचे.

बी-७०२: आणि कप आतून खोल असतो ते?

ए-३०३ काका: तो नुसता खड्डा. आरपार असता तर चहा राहिला असता का?

ए-१०२: काका, चाळणी?

ए-३०३ काका: बसा मोजत.

बी-७०२: २०१६ चं फिजिक्सचं नोबेल यावरच होतं ना? थूलेस, हाल्डेन, कोस्टरलिट्झ. घोषणेच्या वेळी समितीतल्या एकाने पिशवीतून बन, भोकाचा बेगल पाव आणि वेटोळं प्रेट्झेल काढून भोकं दाखवली होती.

सेक्रेटरी: कॅमेऱ्यांचं बोला कृपया.

ए-३०३ काका: तेच चाललंय. लोकलच्या डब्यात नकाशा असतो बघा. अंतरं खोटी, वळणं खोटी. कुठलं स्टेशन कशाला जोडलंय तेवढं खरं. वायरिंगची टोपोलॉजी म्हणजे तसाच नकाशा. पहिल्या कोटेशनमध्ये स्विच, म्हणजे कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे जोडतात त्या पेट्या, एकामागे एक ओवलेत. मधला गेला की पुढचे सगळे कॅमेरे आंधळे.

ए-६०१: इंटरकॉमचं हेच झालं होतं! गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर वायर कुजली आणि आम्ही वरचे तीन आठवडे मुके.

ए-३०३ काका: अगदी. स्टारमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याची वायर थेट ऑफिसातल्या स्विचला. उंदराने एक कुरतडली तर एकच कॅमेरा जाईल. वायर जास्त लागते, पैसे त्याचे. मात्र तो स्विच गेला तर सगळंच बंद, तेव्हा त्याला यूपीएस हवाच.

बी-७०२: रिंग का नको?

ए-३०३ काका: रिंग म्हणजे आपली ठाणे–कुर्ला–वाशी–ठाणे. मेगाब्लॉकला ऐरोलीहून कुर्ल्याला ठाण्याकडून जाता येत नसेल तर वाशीकडून जातोच ना? पण त्याला स्विच महागातले लागतात. आपल्याला गरज नाही. आणि हो, टोपोलॉजीला लांबीशी देणंघेणं नसलं तरी नेटवर्क केबलला असतं. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. मागच्या गेटच्या कॅमेऱ्याचं काय करणार, ते विचारून घ्या.

खजिनदार: कॅमेरे लागले तरी रात्रीची राउंड राहणार. वॉचमन म्हणतो एकाच वाटेवरून दोनदा जावं लागतं, रूट बदलून द्या.

ए-३०३ काका: नाही देता येणार! गेट, ए विंग, बी विंग, पंपरूम. प्रत्येकीपासून उरलेल्या तिघींकडे वाट. एकीने आलात, दुसरीने गेलात, तिसरी उरतेच. जिथून निघालात आणि जिथे संपवलंत, त्या दोनच जागी विषम वाटा चालतात. इथे चारही विषम. कोनिग्जबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल का, या जुन्या कोड्याचंही तेच. चार भूभाग, चारही विषम. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ च्या लेखात हे मांडलं, टोपोलॉजीची सुरुवात तिथूनच धरतात.

ए-१०२: पण गेट ते पंपरूम वाट बंद आहे की. पेव्हर ब्लॉकचा ढीग पडलाय दिवाळीपासून.

ए-३०३ काका: अरे! मग जमतंय. वॉचमनची चूक एवढीच की तो गेटपासून निघतो. ए विंगपासून निघू दे. ए, गेट, बी, परत ए, पंपरूम, बी. प्रत्येक वाट एकदाच.

सेक्रेटरी: ढीग उचलायचा विषय रविवारच्या अजेंड्यावर आहे.

ए-३०३ काका: आधी वॉचमनला विचारा.