पथदिव्यांच्या जुन्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटऱ्या: काय वापरावं, काय रिसायकलला द्यावं?

कोथरूड_सोसायटी
सोलर पथदिव्यांतून 12.8 व्होल्ट, 30 एएचचे (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) 18 पॅक काढलेत. आत 32700 आकाराचे गोल सेल, 6 एएचचे, 4एस5पी (पाच समांतर सेलांचा एक गट, असे चार गट सिरीजमध्ये). निम्म्या पॅकच्या आउटपुटला शून्य व्होल्ट. भंगारवालाही का-कू करतोय. यातले काही सेल बागेतल्या दिव्यांना चालतील का? उरलेले कुठे द्यायचे?

सेलटेस्टर
आउटपुट शून्य म्हणजे सेल गेले असं नव्हे, बीएमएसने (पॅकमधल्या संरक्षण सर्किटने) कट मारला असेल. पॅक उघडून प्रत्येक गटावर थेट मीटर लावा. 2 व्होल्टच्या खाली गेलेले सेल चार्ज करूच नका. सेल फार खोल उतरला असेल तर ॲनोडची तांब्याची फॉइल विरघळलेली असू शकते, आणि चार्जिंगमध्ये तेच तांबं भलतीकडे जमून आत शॉर्ट होतो. फुगलेले, गळके सेलही बाद.

बाकीच्यांच्या निकेल पट्ट्या काढून सेल सुटे करा, नाहीतर पाचांतला एक खराब सेल कळणारच नाही. 3.65 व्होल्टवर चार्ज करा, करंट 0.3 अँपिअरपर्यंत उतरू द्या. तासभर थांबून 1.2 अँपिअरने 2.5 व्होल्टपर्यंत डिस्चार्ज करा. 4.8 एएचच्या वर निघाले ते ठेवा. नुसत्या व्होल्टेजवरून क्षमता ठरवू नका. एलएफपी बराच वेळ 3.2-3.3 वरच असतो.

बीएमएसवाला
यात एक भर. निवडलेले सेल पूर्ण चार्ज करून 15 दिवस नुसते ठेवा. 3.3 च्या खाली घसरलेला सेल, क्षमता कितीही चांगली दिसली तरी, पॅकमध्ये घालू नका. तो गट सतत मागे पडतो आणि बीएमएस पुन्हा कट मारतो.

ब्लॅकमास
भंगारवाला का-कू करतो कारण एलएफपीत कोबाल्ट, निकेल नाही. मिळतं ते तांबं, ॲल्युमिनियम आणि लिथियम, आणि लिथियम काढायला रासायनिक प्रक्रिया लागते. तांब्यासाठी कोणी सेल फोडला तर इलेक्ट्रोलाइटमधला (सेलमधल्या द्रवातला) लिथियमचा क्षार हवेतल्या ओलाव्याशी मिळून हायड्रोजन फ्लोराइड बनतं. ते फार घातक आहे, म्हणून किलोवर देऊच नका.

सेल रिकामे करायला मिठाच्या पाण्यात बुडवायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो टाळा. टर्मिनल गंजतात, सेल गळतो. त्याऐवजी प्रत्येकी 1 ओहम, 25 वॉटचा रेझिस्टर लावा, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळेल. मग दोन्ही टोकांना टेप लावून सेल प्लास्टिकच्या खोक्यात कोरड्या वाळूत ठेवा. फुगलेले वेगळे, उघड्यावर सावलीत.

2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, त्यामुळे आधी दिवे पुरवणाऱ्याला लेखी कळवा. तिथे जमलं नाही तर सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पोर्टलवरचा नोंदणीकृत रिसायकलर निवडा. नोंदणीत लिथियम बॅटऱ्या आहेत का ते पाहा, काहींकडे फक्त शिशाच्या बॅटऱ्यांची असते.