अंबाडीचा वाख: ताकद घटली ती तंतूची की जोडाची? मदत हवी आहे

नमस्कार. अंबाडीच्या खोडांपासून काढलेला वाख कातण्याजोगा आहे का, हे मी तपासत आहे. काही खोडे साध्या पाण्यात कुजवली. उरलेल्यांची साल हिरवी असतानाच सोलून ती कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात उकळली. दोन्ही वाख धुऊन सावलीत वाळवले आहेत.

कुजवण्याविषयी फारशी शंका नाही. जिवाणू सालीतील पेक्टिन (तंतूंना चिकटवून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) खाऊन तंतू सुटे करतात. बुडख्याकडची सालही काडीपासून सहज सुटू लागली की खोडे पाण्याबाहेर काढावीत, कारण त्यानंतर सेल्युलोजचीही, म्हणजे तंतूच्या मूळ द्रव्याचीही, हानी होऊ लागते. शेंडा आधी कुजतो, त्यामुळे केवळ शेंड्यावरून केलेली परीक्षा फसवी ठरते.

अडचण आहे ती ताकदीच्या चाचणीत. तंतू तुटतानाचा भार भागिले टेक्स (१००० मीटर लांबीचे ग्रॅममधील वजन) असा हिशेब मी करतो. उकळलेला वाख मऊ आणि बारीक आहे, पण तुलनेने लवकर तुटतो. सोड्याने नुसता डिंक गेला असता तर टेक्स कमी होऊन ताकदीचा आकडा उलट वाढायला हवा होता. तो घटला आहे. यावरून सेल्युलोज खराब झाले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण मला तो घाईचा वाटतो. अंबाडीची एकेक तंतुपेशी जेमतेम काही मिलिमीटर लांब असते, आणि हातात येणारा लांब धागा म्हणजे पेक्टिन व लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा पदार्थ) यांनी जोडलेल्या अशा पेशींची जुडी असते. जोड विरघळले तर पेशी शाबूत असूनही धागा निसटून तुटेल.

म्हणून तंतू धरणाऱ्या दोन पकडींमधले अंतर एकदा २० मिलिमीटर आणि एकदा जवळजवळ शून्य ठेवून दोन्ही वाख तपासावेत, असा विचार आहे. लांब अंतरावर भार जोडांमधून जाईल, शून्य अंतरावर तो थेट पेशींवर येईल. शून्य अंतरावर दोघांची ताकद सारखी आणि लांब अंतरावरच फरक, असे दिसले तर दोष जोडांचा मानावा, हा तर्क बरोबर आहे का? नमुने ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत स्थिरावू देणार आहे, कारण हे तंतू हवेतील ओलावा बराच शोषतात आणि त्याने वजन व ताकद दोन्ही बदलतात.

दुसरा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. शून्य अंतरावर पकड सैल ठेवली तर जुडी घसरते आणि घट्ट केली तर तिथेच चिरडते. पकडीत चामडे, रबर की पुठ्ठा घालावा, आणि पकडीच्या कडेलाच तुटलेले नमुने मोजणीतून वगळावेत का, हे अशा चाचण्या केलेल्या कोणी सांगितल्यास आभारी राहीन.