पुण्याआधी बॉम्बे हाय

हेलिकॉप्टरसारख्या उभ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या हवाई टॅक्सीबद्दल काही जण म्हणतात, ‘सरळ बॅटरीवरच उडवा, हायब्रिडची, म्हणजे बॅटरीच्या जोडीला इंधनावरच्या टर्बाइनची, भानगड कशाला’. हे अंधेरी-नरिमन पॉइंटसारख्या जवळच्या अंतरापुरतं ठीक. पुढे वजनाचं गणित आडवं येतं. एक किलो विमान-इंधनात सुमारे १२ युनिट ऊर्जा, लिथियम बॅटरीत जेमतेम पाव युनिट. टर्बाइनने दोन तृतीयांश उष्णतेत घालवली तरी इंधनच पुढे. शिवाय इंधन जळतं तसं यंत्र हलकं होतं. बॅटरी संपत आली तरी तेवढीच जड, आणि हवेत थांबून उतरायला भरपूर ताकद लागते ती नेमकी तेव्हाच.

सगळे पुणे-नाशिकच्या प्रवाशांवर बोलतायत, पण जुहूहून बॉम्बे हायला, समुद्रातल्या तेलविहिरींवर, हेलिकॉप्टरं जातात त्यांचं काय? किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर, आणि पावसाळ्यात प्लॅटफॉर्मवर उतरता आलं नाही तर तसंच परत फिरायचं. हायब्रिडचं पहिलं गिऱ्हाईक मला तिथे दिसतं. आधी सुटे भाग न्या म्हणावं, माणसं नंतर.